दोन शतांश

ट्रक विकला त्या वर्षी शेड रिकामी झाली.
पत्र्याखाली चौदा फूट जागा,
भिंतीला कमरेपर्यंत तांबडा रंग, कुणीही न लावलेला.
तिथेच मी आता दोन रूळ मांडून बसतो,
मीटरभर लांब, आरशासारखे,
आणि त्यांवर चार ठोकळे,
काडेपेटीहून थोडे मोठे.

पहिला रूळ सोपा.
सरळ पट्टीला टेकवायचा,
मधल्या बोल्टापासून टोकांकडे कसत जायचे.
खरी कटकट दुसऱ्याची.
त्याने पहिल्यापासून
या टोकाला जेवढे, त्या टोकालाही तेवढेच दूर राहायचे,
आणि डिचोलीत एवढा सरळ कोण आहे?

बाबा सुतात मोजायचे.
गुण्या, ओळंबा, कानामागे पेन्सिल.
"दोन सूत सोड, लाकूड पावसात फुगतं."
मी मिलिमीटरच्या शतांशात मोजतो.
इथे सोडायला काही नाही.

पहिल्या रविवारी घाई केली.
ठोकळ्यांचे सोळा बोल्ट एका दमात आवळले,
वर पाट बसवला, ढकलला.
अर्ध्या वाटेवर तो असा अडला
जसा शिरगावच्या चढावर भरलेला ट्रक.
रागाने पाट सोडवला, एक ठोकळा टोकाकडून ओढून काढला,
आणि रूळ सुटताच
त्याच्या पोटातले छर्रे
टपटप जमिनीवर.

असायला हवे होते बावन्न. मिळाले एकोणपन्नास.
कृपाली लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर फिरली.
चुंबकाला छर्रे कमी, काळी कणीच जास्त.
"पप्पा, आपल्या घरात अजून खाण चालू आहे," म्हणाली.

सोमवारी आग्नेल आला,
वास्कोच्या गोदीतला निवृत्त फिटर.
पिशवीत रुमालात गुंडाळलेले डायल गेज
आणि पोदेराकडचे चार उंडे.
मशीनकडे पाहिले, बोलला काही नाही.
सगळे बोल्ट सैल केले. सगळे.
मग पुन्हा लावले, नुसत्या चिमटीने.
"आता चालव. पुढे. मागे. परत.
त्यांना त्यांची जागा सापडू दे.
तू सांगू नको रे."

मी पाट चालवला,
वीस वेळा, तीस वेळा,
दर फेरीनंतर एक बोल्ट, पाव आटा,
इकडचा, मग तिरका तिकडचा,
ट्रकच्या चाकाचे नट आवळायचो तसे.
हाताला ठाऊक होते. मलाच आठवले नव्हते.

एका ठोकळ्याखाली तरीही फट.
बिअरच्या डब्याचा पत्रा कात्रीने कापला, नखाएवढा,
पॉलिश पेपरने रंग घासून काढला,
दहा शतांश जाड.
सरकवला. काटा खाली आला.
आग्नेलने उंडा मोडला, अर्धा मला दिला.

"काय कोरणार यावर?"
माटोळीच्या चौकटी, म्हटले, देवघरांची दारे.
तुमच्या वाड्यावर नवा क्रूसही.
"आमचा वाकडाच आहे," तो म्हणाला. "चालतो."

रात्री एकटाच बसलो.
गेज रुळाला टेकलेले, पाट स्थिर, हात मांडीवर,
काटा शून्यावर.
मग तो हलला.
दोन शतांश डावीकडे, शून्य, परत दोन.
वाटले बोल्ट सुटला,
नाहीतर टेबल, नाहीतर माझेच डोळे.
चप्पल काढली तेव्हा तळव्यांना कळले,
कानांना त्यानंतर.
रस्त्यावरून ट्रक चालला होता,
लिलावाची माती भरलेला,
कितीतरी वर्षांनी.
त्यामागे दुसरा.

मी मोजत राहिलो,
ट्रक नव्हे,
काटा शून्यावर यायला किती वेळ घेतो ते.

मग उठलो,
रुळांना तेलाचा बोळा फिरवला
आणि जुनी चादर टाकली दोन्हींवर.
उद्यापासून धूळ येईल.